झोपल्याचा पुरावा

मंगळवार, सकाळी अकरा

तपासनीसाने एक नंबरच्या खोलीचं दार उघडलं, आत डोकावून पाहिलं आणि कागदावर शून्य लिहिलं.

दोन नंबर. शून्य.

तीन नंबर. शून्य.

चार नंबरच्या खिडकीत एक कंगवा होता. तो उचलून त्याने उजेडात धरला. दातांत एकही केस अडकलेला नव्हता. कंगवा जिथल्या तिथे ठेवून त्याने शून्यच लिहिलं, पण हे शून्य जरा लहान काढलं.

मुक्कामघर सांभाळणाऱ्या काकू किल्ल्यांचा जुडगा घेऊन मागोमाग चालत होत्या. त्यांना वाटलं, साहेब स्वच्छतेची तपासणी करतायत आणि शून्य म्हणजे एकही चूक सापडली नाही. मनातल्या मनात त्या खूशही झाल्या. आठव्या खोलीपाशी त्यांनी हसत विचारलं, "काय साहेब, पैकीच्या पैकी ना?"

"मॅडम," तपासनीस पेनाचं टोपण लावत म्हणाला, "तुमच्याकडे कोणी राहतच नाही."

"अहो, आठही खोल्या भरलेल्या आहेत!"

"कशाने?"

काकू आत शिरल्या. त्यांनी आठ नंबरच्या कॉटकडे बघितलं. मग परत सातमध्ये जाऊन बघितलं. मग सहा, पाच. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना दिसलं, की कोणत्याच बेडवर कोणी झोपल्याची खूण नाही. चादर अशी ताणलेली, की वरून दाणा टाकला तर उडेल. ब्लँकेटची घडी पायथ्याशी, कडेला कड. उशी मधोमध. भिंतीशी एक बॅग, चेन ओढलेली. दोरीवर टॉवेल नाही, कॉटखाली चप्पल नाही.

"लोक वॉर्डात गेलेत," काकू म्हणाल्या. "सकाळच्या भेटीची वेळ दहा ते एक. एकला सगळे जेवायला येतील, मोजून घ्या."

"जेवायला आलेला माणूस झोपायलाही इथेच असतो, असं कुठंय? माझ्या कागदावर जेवण नाही. बेड आहे."

"वही बघा. नाव, सही, तारीख, सगळं आहे."

"वही कोणीही भरतं. मागच्या वर्षी दुसऱ्या एका गावात अशाच घराच्या वहीत बावीस माणसं होती. प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर एक मांजर होती."

"मग रात्री येऊन बघा ना!"

"आलोच असतो. पण तुमचाच नियम भिंतीवर लावलाय. आठनंतर परक्या पुरुषाला आत प्रवेश नाही."

तो नियम काकूंनीच, स्वतःच्या हाताने, मोठ्या अक्षरात लिहिला होता.


घर, थोडक्यात

लष्करी रुग्णालयाच्या मागच्या फाटकापासून एकशे चाळीस पावलं. पावलं काकूंनी मोजली आहेत, कारण येणारा प्रत्येक जण बॅग खाली ठेवायच्या आधी तेच विचारतो. फौजी जखमी होतो कुठेतरी लांब, उपचाराला त्याला आणतात इथे, आणि त्याची माणसं असतात तिसऱ्याच टोकाला. ती निरोप मिळेल तशी, मिळेल त्या गाडीने येतात. जेवणाची सुट्टी सोडली तर दिवसभर वॉर्डात बसू देतात. संध्याकाळी सातला घंटा होते आणि सगळ्यांना बाहेर काढतात. बाहेर म्हणजे कुठे, हे घंटा सांगत नाही.

त्यासाठी हे घर, आणि घरासाठी निधी. एक ठोक कापडवाला, दोन-तीन निवृत्त शिक्षिका, एका कारखान्यातले कामगार, असे बरेच जण मिळून तो चालवतात. येणाऱ्याला एक पैसा पडत नाही. खोलीत एक बेड, बेडला एक माणूस, आणि जेवढे बेड वापरात तेवढ्यांचा खर्च निधीकडून. यादीत थांबलेल्यांची नावं स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकवलेली असतात. त्या मंगळवारी तीन होती.

"वापरात नसलेले बेड पुढच्या महिन्यापासून बंद होतील," निधीचा तपासनीस जाताना म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता. पंचविशी नुकतीच उलटलेली, शर्टाची बाही धुऊन धुऊन विरलेली. आधी हॉटेलांची तपासणी करायचा. हॉटेलात माणूस झोपला की बेड युद्धभूमी होतो, हे त्याचं शिक्षण. "मी चार तरी वाचवायचा प्रयत्न करतो. गुरुवारी अकराला परत येईन. काही पुरावा असेल तर तयार ठेवा."

"कसला पुरावा?"

"झोपल्याचा."


कोपरा

आता यात गंमत अशी, की दोष म्हणावा तर त्या आठ जणांच्या चांगल्या वळणाचा होता.

फौजी सुट्टीवर घरी येतो. पहिल्या दिवशी लाड होतात. दुसऱ्या दिवशी तो पहाटे उठून आपली चादर ताणतो, गादीच्या टोकाशी कापड दुमडून कोपरा मारतो, आणि उरलेल्या घराकडे अशा नजरेने बघतो, की आई, बायको, बहीण, जी असेल ती मुकाट्याने आपली चादर ताणायला लागते. सुट्टी संपते, तो जातो, कोपरा मागे राहतो. आणि बॅग? ती तर फौजीच्या घरात कधी पूर्ण उघडतच नाही. कधी फोन येईल आणि निघावं लागेल, याचा भरवसा नसतो. टॉवेल वाळला की आत. चप्पल पायात नसेल तर पिशवीत.

अशी आठ माणसं एका छपराखाली आली, की घर बघणाऱ्याला रिकामं दिसतं.

काकूंच्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या स्वतः बावीस वर्षं रुग्णालयाच्या कपडेखान्यात होत्या. चादरी मोजणं, उकळणं, इस्त्री, घडी. पाठीमागे लोक त्यांना चादरकाकू म्हणायचे, आणि पाठीमागे म्हणतात ते त्यांना ठाऊक होतं. ताठ चादर दिसली की त्यांना बरं वाटायचं, त्यापुढे त्यांचा विचार गेला नव्हता.

"तुमच्या डोळ्यांसमोर भुताटकी चाललीये आणि तुम्ही चादरींचं कौतुक करताय," जनरल म्हणाला.

जनरल म्हणजे घरचा स्वयंपाकी. तो फौजेत कधीच नव्हता. तळपाय सपाट म्हणून अठराव्या वर्षी त्याला परत पाठवलं होतं, आणि त्या दिवसापासून तो भाजी चिरतानासुद्धा हुकूम सोडत असे.


पुरावा पहिला: साबण

आठ साबण काकूंनी ओळीने मांडले. सगळे झिजलेले. एक तर पापडासारखा.

"साबण हात धुऊनही झिजतो," जनरल म्हणाला. तो तपासनीसाची भूमिका करत होता आणि त्याला ती फार आवडली होती. "नामंजूर!"


पुरावा दुसरा: घोरणं

हा जनरलने सुचवला. फोनवर घोरणं टिपायचं आणि साहेबांना ऐकवायचं.

"बायकांच्या दाराला कान लावून बसणार तू?"

"मी नाही. तुम्ही."

"आणि कोणाचं घोरणं कोणाचं, हे कसं ओळखायचं?"

"तीनच्या काकांचं मी भिंतीपलीकडून ओळखतो. ट्रक उतारावर ब्रेक मारतो ना, तसं."

रद्द.


पुरावा पाचवा: घडीच्या रेघा

तिसरा आणि चौथा कोणता होता, ते सांगण्यासारखं नाही. चौथ्यात पीठ होतं. कॉटभोवती भुरभुरवायचं आणि सकाळी पावलांचे ठसे बघायचे. जनरलने पीठ द्यायला साफ नकार दिला.

पाचव्याकडे काकू उशिराच पोचल्या, आणि पोचल्यावर स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. जे बावीस वर्षं केलं, ते सोडून त्या साबण मोजत बसल्या होत्या.

धोब्याकडून आलेल्या चादरीला घडीच्या रेघा असतात. तीन उभ्या, दोन आडव्या. कितीही ताणली तरी नवी चादर त्या रेघा लपवत नाही. पण माणूस एकदा रात्रभर त्यावर झोपला, अंगाची ऊब आणि घाम लागला, की रेघा विरतात. मग कोपरा मारा, हात फिरवा, काही करा, त्या परत येत नाहीत.

बुधवारी सगळे वॉर्डात गेल्यावर काकू एकेका खोलीत शिरल्या. ब्लँकेट उचललं, चादरीवर तिरका उजेड पडेल अशा उभ्या राहिल्या.

एक नंबर: रेघा नाहीत. माणूस उजव्या कुशीवर झोपतो.

दोन नंबर: नाहीत. दोनच्या आई फार वळवळत असणार, मधला भाग पार मऊ.

तीन: ट्रक. पाठीवर.

चार, पाच: नाहीत.

सहा:

काकूंनी ब्लँकेट परत ठेवलं. खिडकी पूर्ण उघडली. परत उचललं.

तीन उभ्या रेघा, दोन आडव्या. कालच इस्त्री झाल्यासारख्या. चादर घालून नऊ दिवस झाले होते.

सातमध्ये आणि आठमध्ये रेघा नव्हत्या. ते त्यांनी उभ्या उभ्या पाहून घेतलं, कारण त्यांचं लक्ष सगळं सहामध्ये अडकलं होतं. त्या परत तिथे गेल्या. उशी उचलून पाहिली. माणूस डोकं ठेवतो तो अभ्र्याचा मधला भाग स्वच्छ होता. पण वरच्या कडेला तेलकट डाग होता, आणि त्याच्या खाली, आडवा, दोरी बांधल्यासारखा वळ.

सहाची चादर फक्त त्यांना वाचता येत होती. मनात आणलं तर ती आजच बदलता आली असती. एखादी वापरलेली चादर धुवायच्या ढिगातून काढून अंथरली, की आठला आठ. काकू बराच वेळ त्या ढिगाशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी ढीग बांधला आणि धोब्याला देऊन टाकला.

पण सहावाली झोपते कुठे?


बुधवार, दोरीपाशी

"कपडे वाळले का गं?"

"हो काकू. काढतेच."

"सहाची चादर बदलायची का? नऊ दिवस झाले."

"नको. स्वच्छ आहे."

"तेच म्हणते मी. फारच स्वच्छ आहे. चिमटे दे इकडे. गावात कोणी आहे का तुझं? बहीण वगैरे?"

"कोणी नाही."

"मग रात्री असतेस कुठे?"

"खोलीतच असते की! काकू, तुम्हीच तर साडेआठला दाराला कडी लावता."

"कडी मी लावते. झोप काही मी लावत नाही. त्या बेडवर तू एक रात्रही पाठ टेकलेली नाहीस. माझ्याशी खोटं बोलू नकोस, चादर बोलली माझ्याशी."

"चादर बोलली?"

"बोलते. बावीस वर्षं बोलतेय."

"खुर्चीत झोपते मी."

"का? गादी टोचते?"

"नाही हो."

"ढेकूण? ढेकूण असले तर सांग, जनरलला उलटा टांगते."

"ढेकूण नाहीत. काकू, ह्यांना आडवं होता येत नाही."

"म्हणजे?"

"छातीला लागलंय ना. आडवं झालं की श्वास पुरत नाही. बसूनच झोपतात. पाठीमागे कॉट वर केलेली असते. पहिल्या रात्री मी आले, मस्त गादी, मस्त चादर, पडले. आणि डोळाच लागेना. मला वाटलं, मी अशी पसरून पडलेय आणि ते तिकडे बसलेत. मग उठून खुर्चीत बसले. लागली झोप."

"नऊ रात्री?"

"त्यांच्या कॉटच्या बाजूला ना, एक तबकडी आहे. किती अंश वर केली ते दाखवते. आले तेव्हा ऐंशी होती. जवळजवळ सरळच. सिस्टर दोन-तीन दिवसांनी थोडी खाली करून बघतात. जमलं तर ठेवतात. आता पासष्ट आहे."

"बरं."

"माझी खुर्चीपण पासष्ट आहे."

"काय?"

"मी फोटोंना चौकटी करायच्या दुकानात काम करते. कोपरे कापायचं काम. माप न लावता सांगते मी कोन. रुग्णालयाच्या सुतारशेडच्या मागे लाकडाचे तुकडे पडलेले असतात, ते आणले. खुर्चीच्या पुढच्या पायांखाली घातले आणि पाठ भिंतीला टेकवली. उशी दोरीने बांधली. सकाळी सगळं सोडून ठेवते. ते जेवढे खाली, तेवढी मी खाली."

"त्यांना माहितीये?"

"रोज विचारतात ना! 'कितीवर आहेस?' म्हणतात. हसायला लागले तर दुखतं, म्हणून नुसतं बोट हलवतात. काकू, तो बेड दुसऱ्या कोणाला द्यायचा असला तर द्या. खिळ्याला तीन नावं आहेत, मी वाचलीत. मला खुर्ची पुरे. व्हरांड्यात ठेवलीत तरी चालेल."

"आणि उद्या त्याला आडवं होता आलं, तर? तू व्हरांड्यात आडवी होणार? चिमटे मोज. एक कमी आहे."


गुरुवार

तपासनीस पहाटेची गाडी पकडून आला होता. डोळे लाल. काकूंनी त्याला एकच्या खोलीत नेलं, ब्लँकेट उचललं आणि म्हणाल्या, "बघा."

"काय बघू?"

"रेघा."

"कुठे आहेत?"

"नाहीत! तेच तर!"

तपासनीस खाली वाकला, मान तिरकी केली, चष्मा काढून पुसला. "काकू," आता तो मॅडमवरून काकूंवर आला होता, "हे तुम्हाला दिसतं. मला पांढरं कापड दिसतं. मी कागदावर काय लिहू? 'काकूंना दिसतं'?"

"लिहा की!"

"वरचे लोक मला दिसेनासा करतील."

एक वाजता माणसं परतली, जेवली, कोणी पडायला गेली, कोणी कपडे धुवायला. तपासनीसही जेवला. जनरलने त्याला पुन्हा पुन्हा वाढलं, आणि हा लाच देण्याचा प्रकार नाही, असं दर वेळी मोठ्याने सांगितलं. जेवण झाल्यावर तपासनीसाची मान एकदा पुढे गेली, दुसऱ्यांदा बाजूला गेली.

"आठ नंबर सकाळीच रिकामी झालीये," काकू म्हणाल्या. "तिथल्या बाईचा नवरा बरा होऊन घरी गेला. नवीन माणूस संध्याकाळी सहाला येईल. घटकाभर पडा."

"छे छे, मी ड्यूटीवर आहे."

तो पडला. बूट काढून, पेन खिशात ठेवून, पाच मिनिटं म्हणून पडला आणि सव्वा तास झोपला. उठला तेव्हा ब्लँकेट जमिनीवर, उशी पायाशी, चादर गोळा होऊन भिंतीकडे गेलेली. हॉटेलात शिकलेला माणूस. ओशाळून तो तोंड धुवायला गेला.

परत आला आणि दारातच थांबला.

दाराबाहेर जाऊन त्याने नंबर पाहिला. आठ. शेजारच्या खोलीत डोकावला, सातचे भाऊ वर्तमानपत्र वाचत होते, त्यांनी मान हलवली. तो पुन्हा आठमध्ये आला. चादर ताठ. ब्लँकेटची घडी पायथ्याशी, कडेला कड. उशी मधोमध. कॉटखाली त्याचे बूट टाचेला टाच लावून उभे होते.

"काकू!"

काकू धावत आल्या. मागे झारा घेऊन जनरल.

"मी इथे झोपलो होतो ना?"

"मला काय माहीत?" काकू म्हणाल्या. "मला तर पांढरं कापड दिसतंय."

"चेष्टा नको. मी झोपलो होतो. अगदी स्वप्नसुद्धा पडलं."

"स्वप्न नामंजूर!" जनरल ओरडला.

तपासनीस खिसे चाचपत होता. पेन नव्हतं. त्याने कॉटखाली पाहिलं, खिडकीत पाहिलं. मग तो अगदी हळू बेडजवळ गेला आणि डोळे चादरीच्या पातळीवर आणून बघत राहिला. मधोमध, किंचित डावीकडे, चादरीखाली बोटाएवढा उंचवटा होता. त्याने तळहात त्यावर ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर हिशेब लागल्याचा आनंद आणि फसल्याची लाज एकदमच आली.

"कोणी केलं हे?"

दोनच्या आई ओल्या हातांनी व्हरांड्यातून आत आल्या. साठीच्या, ठेंगण्या. "अगं बाई, काय झालं? जाता जाता विसकटलेलं दिसलं. हात गेले आपोआप. काही चुकलं का, साहेब?"

"नाही आई. किती वेळ लागला तुम्हाला?"

"याला कसला वेळ? तुम्ही तोंड धुतलंत तेवढाच. माझा मुलगा तर डोळे मिटून करतो." मग त्या जरा थांबल्या. "करायचा. आता डावा हात... पण करेल. शिकवेन मी त्याला. त्यानेच मला शिकवलं, आता मी त्याला."

तपासनीसाने पेन काढण्यासाठी चादरीचा कोपरा ओढला. तो निघेना. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी ओढला. शेवटी दोनच्या आईंनीच दोन बोटांनी सोडवून दिला.


मग तो व्हरांड्यात टेबलाशी बसला, मंगळवारची आठ शून्यं एका रेघेत खोडली आणि मोठा इंग्रजी आठ काढायला पेन टेकवलं.

सहावाली तिथेच दोरीवरचे कपडे काढत होती. तिने काकूंकडे पाहिलं. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. आठचा वरचा गोल पुरा होत आला होता. गप्प बसायला काहीच करावं लागत नव्हतं. नुसतं गप्प बसायचं.

"साहेब," काकू म्हणाल्या, "एक विचारू? कोणी खुर्चीत झोपत असेल, तर ते तुमच्या कागदावर कुठे बसतं?"

पेन थांबलं. "खुर्चीत का झोपेल कोणी? बेड असताना?"

त्यांना वाटलं होतं तो चिडेल. पण त्याच्या आवाजात चिडण्याचा मागमूस नव्हता. मघाशी चादरीखालच्या उंचवट्याकडे ज्या डोळ्यांनी पाहिलं, त्याच डोळ्यांनी तो आता बघत होता. "कुठाय ती खुर्ची?"

सहामध्ये चौघं मावेनात, म्हणून जनरल दारातच राहिला. सहावालीने बॅगेतून पट्ट्या आणि दोरी काढून खुर्ची रात्रीसारखी लावून दाखवली. तपासनीसाने खुर्चीभोवती एक फेरी मारली. लाकडाच्या पट्ट्या, एकावर एक, दोन्ही पायांखाली सारख्या. दोरीने बांधलेली उशी. भिंतीवर, खुर्चीची पाठ जिथे टेकायची तिथे, चुन्यावर आडवे ओरखडे होते. सर्वांत वरचा पुसट. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा, ताजा.

"हा ऐंशी," सहावाली म्हणाली. "हा बहात्तर. हा आत्ताचा."

"बसू?"

तो बसला. डोकं उशीला टेकवलं, डोळे मिटले, उघडले. "मान अवघडत नाही?"

"अवघडते की."

"आणि अजून खाली गेले तर? या खुर्चीला पन्नासच्या खाली नेलं तर तुम्ही घसरून खाली याल."

"तेच कोडं आहे," सहावाली म्हणाली. पहिल्यांदाच कोणीतरी योग्य प्रश्न विचारला, असा तिचा चेहरा झाला. "मी दोन रात्री त्याचाच विचार करतेय."

तपासनीसाने तिथेच, खुर्चीत बसूनच, कागद मांडीवर घेतला. नियम त्याला पाठ होता. तीन रात्री बेड न वापरल्यास खोली यादीतल्या पुढच्या माणसाला. तो त्याने म्हटलाही, हळू आवाजात, जणू स्वतःलाच. मग अर्धवट आठ खोडला.

काकूंनी किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरला.

त्याने लिहिलं: बेड सात. आणि खाली, जिथे रकानाच नव्हता तिथे, स्वतः एक रेघ मारून: खुर्ची एक. सोबतचा बेड राखून ठेवणे आवश्यक, कारण खुर्ची बेडच्या दिशेने चालली आहे.

"हे मंजूर होईल?" काकूंनी विचारलं.

"माहीत नाही. पण ते फोन तर नक्की करतील."


फोन

"मुक्कामघर का? निधीच्या ऑफिसातून बोलतोय. हा खुर्ची एक काय प्रकार आहे?"

काकूंनी सांगितलं. पलीकडे कोणीतरी पेन आपटत होतं, ते थांबलं.

"थांबा. म्हणजे तो जेवढा खाली, तेवढी ती खाली?"

"हो."

"आणि आत्ता?"

"बासष्ट."

"कळवतो."

चार दिवसांनी टपालाने कागद आला. आठही खोल्या मंजूर. शेरा: खोली क्रमांक सहाचा कोन दर गुरुवारी कळवावा. त्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पोतून एक आरामखुर्ची आली, सहा खाचांची, जाड कापडाची. निधीच्या हिशेबात असली वस्तू बसत नाही, म्हणून ठोक कापडवाल्याने ती स्वतःच्या घरातून पाठवली होती. कापडावर चहाचा जुना डाग होता. सहावालीने खाचा तपासल्या, दोन खाचांमधला फरक चुकीचा आहे म्हणाली, आणि तासून बरोबर केल्या; मधल्या अंशांसाठी लाकडाच्या पट्ट्या होत्याच.

"काकू, किती?" आता फोन तपासनीसच करायचा.

"पंचावन्न."

पुढच्या गुरुवारी: "अठ्ठेचाळीस. आणि ऐका, तीनचा ट्रक घरी गेला. भिंत शांत झाली, तर आता जनरलला झोप येत नाही."

त्याच्या पुढच्या: "चाळीस."

"वा! इथे सगळे विचारत असतात. त्या शिक्षिका आहेत ना, त्या तर भिंतीवर तक्ता करतायत."

त्याच्या पुढच्या: "साठ."

"साठ? अहो, चाळीस होते ना?"

"होते. ताप आला परत. वर घेतली कॉट."

"आणि ती?"

"तिनेही घेतली."

मग पंचावन्न. मग पन्नास. मग पन्नासच. मग बेचाळीस, पस्तीस. मग एकदा, "तीस. शेवटची खाच."

"याच्या खाली?"

"याच्या खाली खुर्ची नाही, साहेब."


पुढचा गुरुवार, सकाळी अकरा

फोनची वेळ झाली तशा काकू सहामध्ये गेल्या. दार नुसतं लोटलेलं होतं. माणसं वॉर्डात.

आरामखुर्ची मिटून भिंतीला टेकवून ठेवली होती. खिडकीत लाकडाच्या पट्ट्यांची चवड, दोरीने बांधलेली. तिची बॅग भिंतीशीच होती, चेन ओढलेली. उशी बेडवर होती, मधोमध. चादर ताठ. ब्लँकेटची घडी पायथ्याशी, कडेला कड.

त्या बेडजवळ गेल्या. ब्लँकेटचं टोक उचलायला हात पुढे केला. खाली तीन उभ्या आणि दोन आडव्या रेघा असतील किंवा नसतील, एवढाच प्रश्न होता, आणि तो एका क्षणात सुटला असता. हात तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला.

फोन वाजला.

"काकू, किती?"

"साहेब, मी आत्ता सहामध्येच उभी आहे."

"बरं. आणि?"

"बेड इतका ताठ आहे," काकू म्हणाल्या, "की बघणाऱ्याला वाटेल, इथे कोणी झोपलंच नाही."

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

"थांबा, थांबा," तपासनीस म्हणाला. "सावकाश सांगा. जसंच्या तसं लिहितो."